आतल्या बाजूचा टिळा

पत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं होतं आणि ते अजून ओलसर होतं. झालं ते एवढंच. हरिचंद्र भोईरने पत्रिका माझ्या टेबलावर ठेवली, मी उचलली, बोटांना पिवळं-तांबडं लागलं आणि सवयीने मी ते कॉटन वेस्टच्या बोळ्याला पुसलं. अंबरनाथच्या एमआयडीसीत पंचवीस वर्षं मापं तपासत बसलेला माणूस दुसरं काय करणार? माझ्या टेबलावर बोटाचा घामसुद्धा चालत नाही. पण हरिचंद्र हसला. आमचा तो सगळ्यात जुना टर्नर, लेथवर त्याच्याइतका हात कुणाचा चालत नाही आणि जीभही. "पूस, पूस," म्हणाला, "सगलं पुसशील तू. पन त्या रॉकेटवाल्या बॉडीचा टिळा काय तुला पुसता आला नाय." मी म्हटलं, कुठला टिळा? "खंडेनवमीला लावला ना मी. भायेर लावला असता तं तू पुसला असतास, मना ठाव हाय ना तुझी सवय. म्हून बोट घालून आतल्या अंगाला लावला." मी विचारलं, कशाचा लावलास. "कशाचा म्हंजे? कुंकवाचा!" कोरडाच ना, मी विचारलं. "कोरडं कुंकू त्या गुळगुळीत धातूला चिकटतं व्हय रं? खोबरेल तेलात कालवला थोडासा. ते आता वर जाईल आन सुखरूप परत येईल, बघ तू." मग धाकटीच्या लग्नाला रविवारी मांजर्लीला यायचंच, वहिनीला घेऊन यायचं, हळदीला आलात तर आणखी बरं, असं सांगून तो पुढच्या टेबलाकडे गेला. बुधवार होता. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, हे मला अजून लक्षात आहे.

मी तसाच बसून राहिलो. समोर एक बुश, म्हणजे धातूचं पोकळ नळकांडं, पडला होता, त्याचं भोक मोजायचं होतं, मी ते तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा आकडा लिहायला विसरलो. दीड वर्षापूर्वी दक्षिणेतल्या रॉकेटच्या केंद्रातून सुब्बय्या नावाचा इंजिनीअर आला होता. चाळिशीचा, बारीक चणीचा, खिशात सतत पेन्सिल. आमच्यासारख्या चाळीस माणसांच्या कारखान्यात असला माणूस म्हणजे नवलच. त्याने माझ्याच टेबलावर, एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीमागे, रॉकेट काढून दाखवलं होतं. अजून बनायचं होतं ते, नुसती इंजिनं तपासणं चाललं होतं. फार जड ओझं वर नेऊन सोडायचं आणि समुद्रात पडून जायचं नाही, तर शेपटीवर उभं राहत खाली यायचं. पुन्हा इंधन भरायचं, पुन्हा जायचं. वीस वेळा, पंचवीस वेळा. हरिचंद्र माझ्या खांद्यावरून बघत होता. "म्हंजे स्टेशनाला पॅसेंजर सोडून परत स्टँडवर येनार," तो म्हणाला, "रिक्षाच की ही." सुब्बय्याला हिंदीत समजावून सांगितल्यावर तो इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला. मग एकदम गंभीर होऊन त्याने सांगितलं की तुम्ही बनवणार ती व्हॉल्व्हची बॉडी आहे, त्यातून द्रवरूप ऑक्सिजन जाणार, आणि त्या ऑक्सिजनला तेलाचं वावडं आहे. तेलाचा नुसता थर जरी राहिला आणि त्यावर ठोका बसला, तर स्फोट. आग नव्हे, स्फोट, तो म्हणाला. म्हणून शेवटची सही तपासनिसाची. तेलमुक्त असल्याचं प्रमाणपत्र, खाली नाव, तारीख. त्यांच्याकडे ती पिशवी थेट जोडणीच्या खोलीतच फोडणार, तिथे पुन्हा कुणी आत बघणार नाही. ती सही माझी होती. जयदेव रोकडे. र जरा मोठा काढतो मी, वडिलांची सवय.

आणि मी ती बॉडी तपासली होती, अगदी पोटच्या पोरासारखी तपासली होती. उग्र वासाच्या द्रावणात दोनदा बुडवून, पांढरा कपडा सळीला गुंडाळून प्रत्येक भोकातून फिरवून, कपडा उजेडाला धरून. एक ठिपका नव्हता. प्रमाणपत्र लिहिलं, सही केली, बॉडी स्वच्छ प्लास्टिकवर ठेवली. पिशवीचं सील करणारं यंत्र नेमकं त्या दिवशी तापेना, म्हणून सील उद्यावर. उद्या खंडेनवमी. खंडेनवमीला सकाळी नऊ ते दहा मी कारखान्यात नसतो. यंत्रांची पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो, आणि मी फाटकाबाहेर टपरीवर चहा पितो. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी काही बोलत नाही, मीही बोलत नाही. मी आत आलो तेव्हा बॉडी जिथल्या तिथे होती, बाहेरून लख्ख. माझ्या हातात सळी होती. एकदा आत कपडा फिरवायला तीन मिनिटं लागली असती. सगळे पेढे खात उभे होते आणि माझ्याकडे बघत होते, म्हणजे बघत नसतीलही, पण मला वाटलं बघताहेत. पूजा झाली रे झाली की रोकडे तपासायला बसला, कुणी काय विटाळलंय ते शोधायला. मी सळी खाली ठेवली आणि पिशवी सील केली.

ही भीती उगाच नाही. एकोणऐंशी सालचं आहे. तेव्हा मी तरुण होतो आणि तोंडाचा फटकळ होतो. खंडेनवमीच्या दुसऱ्या पाळीला सरफेस प्लेटवर, म्हणजे ज्या सपाट दगडावर ठेवून आम्ही मापं घेतो त्या दगडावर, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. एका धुळीच्या कणाने तिथे माप चुकतं. मी ओल्या फडक्याने पुसलं. मागून कुणीतरी म्हणालं, "कळलं हं, कोण पुसतंय ते." यंत्रं बंद झाली. दीड तास सगळा कारखाना उभा. शेवटी शेठने मला सांगितलं, माफी माग, बात खतम कर. मी मागितली. दगडाचं माप बिघडतं म्हणून पुसलं, देवाचं नव्हे, असं सांगायचं होतं, ते राहूनच गेलं. पुढे चार महिने जेवायच्या सुट्टीत माझ्या बाकावर कुणी बसायचं नाही. पाण्याचा ग्लास मी उचलला की दुसरा ग्लास शोधला जायचा, एमआयडीसीत, एकोणऐंशी साली! घरी मी कुणाला सांगितलं नाही. वडील तेव्हा होते. ऑर्डनन्सच्या फॅक्टरीत हमाली करून रिटायर झालेले. छप्पन साली घरातले देव त्यांनी धोतराच्या फडक्यात बांधून वालधुनी नदीत सोडले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट धरून उभा होतो. परत येताना ते म्हणाले होते, "आता डोकं वर." त्यांना मी काय सांगणार होतो, माफी मागून आलो म्हणून? तर चार महिन्यांनी एक दिवस हरिचंद्र डबा घेऊन आला आणि धप्पकन माझ्या बाकावर बसला. डब्यात सुकट होती. "खा," म्हणाला, "बायकोनं तिखट केलंय, मना एकट्याला जात नाय." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी आणखी दोघे आले. महिन्याभरात बाक भरला. त्या माणसाचं नाव मी कुणाला सांगू?

दुपारी शेठकडे गेलो. शेठ उल्हासनगरचा, हासानंद. बापाने कॅम्पात बटणं विकून सुरुवात केली, याने कारखाना काढला. माणूस वाईट नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तूने देखा?" मी म्हटलं, नाही, पण हरिचंद्र स्वतः म्हणाला. "अरे साईं, हरिचंद्र तो बोलता है उसने नदी में मगरमच्छ देखा! पूर आया तब से बोल रहा है. तू उसका मानता है?" मी म्हटलं, शेठ, तिथे चाचणीला माणसं उभी असतात, तीस तारखेला चाचणी आहे, सुब्बय्याच्या पत्रात होतं. शेठने पंखा वाढवला. "जयदेव, तेरे को मालूम है ना, इस ऑर्डर के नाम पर मेरे को दूसरे ऑर्डर मिलते हैं. तू फोन करेगा तो वो पूछेंगे, किसने किया. फिर किसका नाम देगा? मेरा? हरिचंद्र का? उसकी बेटी की शादी है संडे को." त्याने माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला, स्वतःच्या माठातला. मी प्यायलो आणि बाहेर आलो. शेठचा राग यायला हवा होता, तो येईना. तो जे बोलला तेच मी सकाळपासून मनात बोलत होतो, फक्त हिंदीत नाही.

संध्याकाळी तारघरात जाऊन तार केली. प्रमाणपत्र चुकीचं, चाचणी थांबवा, फोन करतो. खाली नाव. घरी बायकोला, कौसाला, सांगितलं. कौसा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते, तिला गोष्ट सांगावी तर पहिल्या वाक्यापासून सांगावी लागते. शेवटपर्यंत ऐकून ती म्हणाली, "तुम्ही तेव्हाच कपडा का नाही फिरवलात?" मी सांगितलं, सगळे बघत होते. "बघेनात का! तुमचं काम होतं ना ते?" मग तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. हळूच म्हणाली, "आधी हरिचंद्रांना तरी सांगा. त्यांना कळू दे." बायकांना वाटतं, सांगितलं की मोकळं होतं. मला त्या रात्री भीती वाटत होती ती सुब्बय्याच्या माणसांसाठी की माझ्या नावासाठी हे मला नीट वेगळं करता येईना. लाज वाटली. अजून वाटते.

गुरुवारी सकाळी मी व्हर्निअर, म्हणजे मापाची सरकपट्टी, घेऊन हरिचंद्राच्या लेथपाशी गेलो. किती आत लावलं, एवढं तरी कळायला हवं होतं. बॉडीच्या आत अठ्ठेचाळीस मिलिमीटरवर एक खाच आहे. खाचेच्या अलीकडे तेल असेल तर ऑक्सिजनच्या धारेने ते धुऊन निघण्याची थोडी आशा. खाचेच्या पलीकडे एक आंधळा कोपरा आहे, तिथे धार पोहोचत नाही. मी हरिचंद्राची तर्जनी धरली आणि व्हर्निअर लावला. तो खो खो हसायला लागला. "या बोटानं टिळा लावतात व्हय रं? हे बोट नाय. हे." आणि त्याने अनामिका पुढे केली. "तुला कसं ठाव असनार म्हना!" त्या बोलण्यात काही नव्हतं, खरंच नव्हतं. मी अनामिका मोजली. "पुरं बोट घातलंस?" "पुरं. पार मुळापर्यंत. आत फिरवला ना चांगला, सगल्या बाजूनी." चौऱ्याहत्तर. मी पुन्हा मोजलं. चौऱ्याहत्तर. बोट जाड होतं, खरबरीत, नखाच्या कडेला जन्माची काळी रेघ. मला ते सोडवेना. "काय झालं रं?" त्याने विचारलं, आता तो हसत नव्हता. "काय बिघडलं का? त्या बॉडीचं काय झालं?" आणि मी, तोंडाचा एके काळी फटकळ असलेला माणूस, म्हणालो, "काही नाही रे. कागदावर एक माप राहिलं होतं." "मंग ठीक," तो म्हणाला, "मी आपला घाबरलोच. पोरीच्या लगनात कायतरी इघ्न नको." त्याने लेथ सुरू केला. मी अंगठीचं माप घेतल्यासारखा व्हर्निअर तसाच उघडा धरून टेबलापर्यंत आलो.

आयुष्यात मी किती वस्तू नापास केल्या असतील, हजारांनी. लाल रंगाचा डबा असतो, त्यात टाकायच्या, कुणी कितीही बोंबललं तरी. एकदा शेठच्या भावाने बनवलेल्या साठ पिना टाकल्या होत्या, त्या दोन शतांश मिलिमीटरनी जाड होत्या म्हणून. मला त्याचा गर्व आहे. रोकडे मापाला पक्का, असं शेजारच्या कारखान्यांतही म्हणतात. आणि ही एक वस्तू, जी डब्यात टाकायची होती, ती हजारभर मैलांवर चाचणीच्या एका मनोऱ्याला बोल्ट लावून बसवलेली, आणि तिच्या आत चौऱ्याहत्तर मिलिमीटरवर एका भल्या माणसाची माया सुकत पडलेली. त्याने द्वेषाने लावलं असतं, खोडसाळपणे लावलं असतं, तर मी आत्ताच्या आत्ता टेबलावर हात आपटून नाव सांगितलं असतं. यंत्रातलं तेल चोरणारे, माप खोटं लिहिणारे, असल्यांशी कसं वागायचं ते मला येतं. हे येत नाही. मी दुपारी एसटीडी बूथवर गेलो. काचेच्या खोक्यात उभं राहून पन्नास वेळा नंबर फिरवला. सगळ्या लाइनी व्यस्त. बूथवाली मुलगी म्हणाली, "अंकल, केरला का लाइन ऐसाच होता है, कल सुबह आओ." शुक्रवारी सकाळी लागला. कुणीतरी इंग्रजीत सांगितलं, सुब्बय्या चाचणीच्या जागेवर आहेत, तिथे फोन नाही, निरोप असेल तर संदर्भ क्रमांक सांगा. मी क्रमांक सांगितला. निरोप काय, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आत तेल आहे. "वेअर?" तो म्हणाला. इन द व्हॉल्व्ह, मी म्हणालो, आणि मग लाइन कटली. पुन्हा लागली नाही. मी बूथमधून बाहेर येऊन समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. उन्हाने पाय भाजत होते, तरी उठवेना. न सांगता अर्धा दिवस कारखान्यात न जाण्याची माझी ती पहिलीच वेळ.

शनिवारी सकाळी नऊला पुन्हा गेलो. तीस तारीख. चाचणी आजच. पहिल्याच वेळेला लागला आणि चक्क सुब्बय्याच बोलला. हिंदी त्याची माझ्यापेक्षा वाईट, पण आवाज तोच, हसण्याच्या बेतात असलेला. "मिस्टर रोकडे! तुमची तार मिळाली. काल संध्याकाळी वाचली." मी म्हटलं, साहेब, चाचणी थांबवा. "चाचणी गुरुवारी झाली," तो म्हणाला. "हवामानासाठी दोन दिवस अलीकडे घेतली. एकशे नव्वद सेकंद चाललं इंजिन. पूर्ण. तुमचा व्हॉल्व्ह फर्स्ट क्लास." मला रडू आलं. काचेच्या खोक्यात उभं राहून, बाहेर दोन माणसं रांगेत, मी तोंडावर रुमाल धरला. गुरुवारी म्हणजे मी हरिचंद्राचं बोट मोजत होतो तेव्हा. कुणालाही काही झालं नाही. मी फोन ठेवू शकलो असतो. पण मी मापाचा माणूस आहे. मी सगळं सांगितलं. खंडेनवमी, कुंकू, खोबरेल, चौऱ्याहत्तर मिलिमीटर, खाचेमागचा आंधळा कोपरा. तो मधे एकदाच बोलला. "कोणी लावलं?" मी म्हणालो, मी पुन्हा तपासलं नाही. "मी विचारतोय, कोणी लावलं?" सही माझी आहे, मी म्हणालो.  बूथच्या यंत्रावर लाल आकडे पळत होते.

"ऐका," सुब्बय्या शेवटी म्हणाला, आणि आता त्याचा आवाज हसण्याच्या बेतात नव्हता. "आमच्याकडेसुद्धा चाचणीच्या आधी पुजारी येतो. नारळ फुटतो. इंजिनाला चंदन लावतात. मी कधी विचारलं नाही, कुठे लावलं." मी म्हटलं, साहेब, ती बॉडी काढा, उघडा, तो कोपरा धुवा, मी स्वतः येतो धुवायला, रजा टाकून येतो. "काढायची म्हणजे सगळं इंजिन उतरवायचं. आठ महिने. मिस्टर रोकडे, पुढच्या महिन्यात दिल्लीची समिती येते आहे. परत येणारं रॉकेट हवं कशाला, असं विचारणारे त्यात चार जण आहेत. मी आठ महिने म्हणालो तर ते म्हणतील, बंद करा. अकरा वर्षं झाली मला यावर. एकशे नव्वद सेकंद चाललंय ते. मी कागदावर काय लिहू, आत कुंकू आहे म्हणून?" मी म्हटलं, एकदा चाललं म्हणजे धुऊन निघालं असं नाही, तिथे धार पोहोचत नाही. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "ड्रॉइंग मीच काढलंय." मग मी विचारलं, पुढची चाचणी कधी? "महिन्याने. मग आणखी एक. तोच व्हॉल्व्ह, वीस वेळा. तीच तर सगळी गंमत आहे ना या रॉकेटची." त्याच्या मागे कुणीतरी हाक मारली, त्याने तोंड बाजूला करून उत्तर दिलं. मी घाईघाईने विचारलं, साहेब, माणसं किती लांब असतात त्या वेळी? "सगळी बंकरमध्ये. काळजी करू नका. दोनशे मीटर." सगळी? "ऑक्सिजन भरताना व्हॉल्व्ह हाताने हलवून बघावा लागतो, अडकला नाही ना म्हणून. थंडीने अडकतो. हातोडीने हलका ठोका द्यावा लागतो कधी कधी. त्याला एक जण जातो जवळ." मी विचारलं, कोण?

"मीच जातो," सुब्बय्या म्हणाला. "दुसऱ्या कुणाला कसं पाठवणार?"

बाहेरच्या माणसाने काचेवर टकटक केलं. मला काहीतरी म्हणायचं होतं, आणि तोंडातून निघालं ते मराठीतच निघालं, आपण घरातून निघणाऱ्या माणसाला म्हणतो तसं. मी म्हणालो, "जपून जा हं."

"क्या?" तो म्हणाला.